दुर्गादेवीची साक्ष

ऑक्टोबर २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे एक क्षेत्र तयार झाले. १३ तारखेला ते काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले, हैदराबाद बुडवून पश्चिमेकडे सरकले आणि १४ तारखेला सोलापूर जिल्ह्यावर येऊन कोसळले. काढणीला आलेले सोयाबीन रानात सडले, ओढ्याकाठच्या जमिनी खरवडून निघाल्या, पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटावर भिंत पडून सहा माणसे गेली. पुढे तीनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, माळशिरस, सांगोला आणि बार्शी हे पाच तालुके त्यात होते. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे वैराग या बार्शी तालुक्यातले. एकाच रानाने एका दिवाळीच्या तोंडावर पूर पाहिला आणि दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर कोरडी विहीर. अशा वेळी बाजारात, पारावर, सोसायटीच्या ओट्यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, यात नवे ते काय? दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला आहे. माणसाने पृथ्वी तापवली वगैरे शहरी लोकांच्या गप्पा आहेत. दुसरे म्हणते, हवामानच बदलले, आता कोण काय करणार? ही दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो: आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये. पहिले मत विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. दुसऱ्यातले विज्ञान बरोबर आहे, पण त्याचा वापर चुकीच्या जागी होतो. आणि दोन्ही मतांना साक्षीदार म्हणून एकच जण उभा केला जातो, तो म्हणजे दुष्काळ. या खटल्यात त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, हे आधी दाखवायला हवे.

पहिल्या मताला त्याची पूर्ण ताकद देऊनच सुरुवात करू, कारण ते मूर्खपणाचे मुळीच नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला अशी परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लुटू दिली ती कथा याच मुलखातली आणि दुष्काळाचीच. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचे घर मोडले. १८७६ ते ७८, १८९६-९७, लगेच १८९९-१९००, मग १९१८, मग १९७२. यातल्या बऱ्याच वर्षी मोटारी नव्हत्या, औष्णिक वीज केंद्रे नव्हती, हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या तुलनेत कितीतरी कमी होता. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या सावलीत हा भाग पिढ्यानुपिढ्या जगत आला. भोगावती, नागझरी या सीनेकडे धावणाऱ्या नद्या वर्षातले कित्येक महिने वाळूच्या असतात, आणि हे काल-परवा घडलेले नाही. तेव्हा दुष्काळ हा मानवनिर्मित तापमानवाढीचा पुरावा म्हणून कुणी पुढे करत असेल, तर वैरागचा शेतकरी त्याच्याकडे संशयाने पाहणार, आणि त्याचा संशय रास्त आहे.

या जुन्या दुष्काळांचे एक मोठे कारणही आता बरेचसे उलगडले आहे, आणि त्याचा शोध भारतातल्या दुष्काळांनीच लावायला लावला. १८७६-७८ च्या आधी नुकतेच, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते. १८९९ चा मोसमी पाऊस बरा होईल असे भाकीत खात्याने केले आणि ते साफ चुकले. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती खात्याचा प्रमुख झाला. त्याने जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि पॅसिफिक व हिंदी महासागरांवरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे दाखवून दिले. आज एल निनो म्हणून जे ओळखले जाते, त्याच्या जोडीचा हा झोका. १८७७, १८९९, १९७२, २०२३ या सगळ्या वर्षांवर एल निनोची छाया होती. म्हणजे पर्जन्यमापकाची नोंदवही उघडली की तिथे मुख्यतः हा झोकाच दिसणार. त्याचा आवाज इतका मोठा आहे की एका तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांतून तापमानवाढीची संथ चाल ऐकू येणे कठीण. त्यामुळे दुर्गादेवीच्या दुष्काळावरून माणूस निर्दोष ठरत नाही, आणि २०२३ च्या दुष्काळावरून तो दोषीही ठरत नाही. पुरावा शोधायचा तर आभाळातून पडलेल्या पाण्याऐवजी खुद्द हवेत शोधावा लागतो.

त्या शोधाची तारीख मात्र सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासाशी विलक्षण जुळते. १८९६ मध्ये, इकडे दख्खनमध्ये पाऊस दगा देत होता, तेव्हा तिकडे स्वीडनमध्ये स्वांते अर्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने कागदावर आकडेमोड करून मांडले की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचे अंदाज त्याहून खाली, साधारण तीन अंशांच्या आसपास आहेत. पण संगणक तर सोडाच, धड मोजमापे नसताना त्याने गाठलेली जवळीक थक्क करणारी आहे. या वायूचा गुणधर्म त्याआधीच माहीत होता. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वायू भरून, त्या उन्हात ठेवून तो दाखवला होता. जॉन टिंडलने १८५९ पासून प्रयोगशाळेत तो मोजला. तेव्हा ‘पर्यावरणवादी’ नावाची जमात जन्मालाही आलेली नव्हती, कसला निधी नव्हता, कुठली परिषद नव्हती. अर्हेनियसचा निबंध छापून आल्यानंतर वर्षभरात, मार्च १८९७ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याची ही अरुंद रुळांची गाडी कोळशावर चालायची. तिच्या धुराने पृथ्वी तापली असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण सिद्धांत आणि इंजिन एकाच वेळी हजर होते, एवढे खरे. ‘आत्ता आत्ता काढलेले खूळ’ हा आक्षेप त्यामुळे तारखेपाशीच गळून पडतो.

सिद्धांत असणे वेगळे आणि तसे घडले हे सिद्ध होणे वेगळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला याविषयी आज कुणी वाद घालत नाही. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० च्या आसपास होता, आणि आता त्याने ४२० ओलांडले आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते की गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या वर कधी गेला नव्हता. वाद घालायचाच तर तो असा घालता येतो, की ही भर माणसाने घातली कशावरून? जनावरे श्वास सोडतात, रानात पाचट कुजते, ज्वालामुखी फुटतात. इथे कार्बनच आपला पत्ता सांगतो. बैल जो श्वास सोडतो त्यातला कार्बन गेल्या हंगामातल्या कडब्यातला असतो, आणि कडब्याने तो हवेतूनच घेतलेला असतो. हे देणे-घेणे वर्षा-दोन वर्षांत मिटते, हवेत नवी भर पडत नाही. दगडी कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. हवेत तयार होणारा किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोळशात आणि खनिज तेलात तो शिल्लकच नसतो. हवेतला कार्बन-१४ जुन्या कार्बनने पातळ होत आहे, हे हान्स स्यूसने १९५५ मध्येच दाखवले. दुसरी खूण कार्बन-१३ या जड कार्बनची. झाडे हवेतला हलका कार्बन जास्त उचलतात, म्हणून झाडांपासून बनलेल्या कोळशातही हलक्या कार्बनचे प्रमाण जास्त असते आणि तो जाळला की हवाही त्या बाजूला झुकते. तशी ती झुकताना मोजली गेली आहे. (यात एक गंमत आहे: ज्वारी, मका आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची तऱ्हा निराळी असल्याने त्यांच्यातला कार्बन गहू-हरभऱ्यापेक्षा वेगळ्या प्रमाणाचा असतो. भाकरी खाणाऱ्याचे आणि पोळी खाणाऱ्याचे हाड प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येते.) तिसरी खूण ऑक्सिजनची. जळण्याला ऑक्सिजन लागतो, ज्वालामुखीतून कार्बन बाहेर पडायला तो लागत नाही. हवेतला ऑक्सिजन अगदी थोडा, पण मोजता येईल इतका कमी होतो आहे. राहता राहिले ज्वालामुखी. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो, आणि त्यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडझाडोरा मिळून पिऊन टाकतात. म्हणजे निसर्ग या हिशेबात जमेच्या बाजूला आहे. जो उलट आपले ओझे हलके करतो आहे, त्याच्यावरच चोरीचा आळ घेणे हे जरा अतीच झाले.

मग सूर्य? हा आक्षेप सर्वांत आदरणीय, कारण तो सर्वांत जुना आहे आणि त्याचा जन्म आपल्याच दुष्काळात झाला. १८७७ मध्ये, दक्षिणेत माणसे मरत असताना, खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि विल्यम हंटर यांनी सूर्यावरचे डाग आणि मद्रासचे दुष्काळ यांचे नाते सांगणारा लेख लिहिला. सरकारला ते फार सोयीचे पडले असणार. दुष्काळ सूर्यानेच पाडला असेल, तर दुष्काळात धान्याची निर्यात चालू ठेवणाऱ्या धोरणाचा दोष कमी होतो. ते डाग पुढे मोसमी पावसाच्या भाकितात उपयोगी ठरले नाहीत. आपल्याकडे हा विचार २०११ मध्ये पुन्हा वर आला. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडले की सूर्याच्या बदलत्या चुंबकीय प्रभावाने विश्वकिरण घटले, त्यामुळे ढग कमी झाले आणि तापमानवाढीतला काही वाटा त्याचा असावा. राव हे मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांचा प्रश्न तपासण्याजोगाच होता. तो तपासला गेला. विश्वकिरणांची मोजमापे १९५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. त्यांत तापमानवाढीशी जुळेल अशी सलग घट नाही. उलट २००९ मध्ये, सूर्य असाधारण शांत असताना, विश्वकिरण अंतराळयुगातल्या उच्चांकावर होते. त्या हिशेबाने पृथ्वी थंड व्हायला हवी होती. ती झाली नाही. सूर्याची उष्णता उपग्रहांनी १९७८ पासून मोजली आहे. अकरा वर्षांच्या चढउताराखेरीज तिच्यात वाढ नाही.

पण सूर्याविरुद्धचा निर्णायक पुरावा जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वर, स्थितांबरात आहे. सूर्यामुळे पृथ्वी तापत असती तर हवेचे सगळे थर तापले असते. हरितगृह वायूंचे तसे नाही. अंगावर जाड गोधडी घेतली की आत ऊब वाढते आणि गोधडीची बाहेरची बाजू गारच राहते, तसे खालचे हवामान तापते आणि वरचे स्थितांबर थंड होते. स्यूकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये, उपग्रहांनी हे मोजण्याच्या पुष्कळ आधी, तसे होईल असे गणिताने सांगितले होते. उपग्रहांनी आणि फुग्यांनी नेमके तेच दाखवले. ओझोनच्या नाशाचा त्यात वाटा आहे हे खरे, पण ओझोनचा प्रभाव कमी असलेल्या आणखी वरच्या थरांतही ती थंडी दिसते. निसर्गाच्या आणि माणसाच्या कारणांचे ठसे वेगवेगळे कसे ओळखावेत याची रीत क्लाउस हासलमान यांनी बसवली. मनाबे आणि हासलमान यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते यासाठीच. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरसरकारी हवामान मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, मानवी प्रभावाने पृथ्वी तापली यात संदिग्धता उरलेली नाही असे लिहिले. या मंडळाच्या सारांशावर सरकारांचे प्रतिनिधी ओळ ओळ वाचून सहमती देतात, आणि त्यांत सौदी अरेबियासारखे तेलावर जगणारे देशही असतात. इतकी बोटचेपी प्रक्रिया ज्या वाक्याला अडवू शकली नाही, ते वाक्य किती पक्के असेल याचा विचार करावा.

‘पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलले आहे’ या वाक्याचे उत्तर वैरागच्या शेतकऱ्याच्या पायाखाली आहे. तिथली काळी माती ज्या खडकाची झाली तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी थरावर थर ओतून बनला. ते उद्रेक कित्येक लाख वर्षे चालू होते, आणि त्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने तेव्हाचे जग काही अंशांनी तापवले असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जुने हवामानबदल माणसाला निर्दोष ठरवतात असे नव्हे. जमिनीतला कार्बन हवेत गेला की पृथ्वी तापते हेच ते सांगतात. तेव्हा तो ज्वालामुखींनी काढला, आता आपण खणून काढतो, आणि आपला वेग त्या ज्वालामुखींच्या कित्येक पट आहे. हिमयुगांच्या काळात आधी तापमान वाढले आणि मग कार्बन डायऑक्साइड वाढला, हाही मुद्दा शिकलेले लोक काढतात. तो बरोबर आहे. तिथे सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी झाली, समुद्राने वायू सोडला आणि त्या वायूने तापमान आणखी वर नेले. आता सुरुवातच वायूपासून झाली, एवढाच फरक.

शास्त्रज्ञ चुकत नाहीत का? चुकतात, आणि याचे ठळक उदाहरण भारतातच घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा हिमालयातल्या हिमनद्यांवरचा एक टिपणवजा अहवाल प्रसिद्ध केला. हिमनद्या तापमानवाढीमुळे विलक्षण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही, असे त्यात होते. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘जादूटोण्याचे विज्ञान’ अशा शब्दांत वासलात लावली. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला कबूल करावे लागले की २००७ च्या अहवालातले ‘२०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील’ हे विधान निराधार होते. पचौरींच्या अहंकाराला तो चांगलाच फटका होता. शंका घेणाऱ्याला मांत्रिक ठरवण्याची ही सवय विज्ञानाचे जितके नुकसान करते तितके त्याचे शत्रूही करत नसतील. पण चूक सापडली ती कशी? बर्फ मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनीच ती शोधली, छापली आणि दुरुस्त करवून घेतली. २०३५ ही तारीख गेली. हिमनद्या वितळणे थांबले नाही, त्यानंतरच्या उपग्रह-मोजण्यांनी ते अधिकच स्पष्ट झाले. एका प्रकरणातली तारीख खोटी ठरल्याने हवेतला कार्बन-१४ बदलत नाही.

आता एक अवघड आक्षेप. जग तापले म्हणता, पण आमचे काय? भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढले. जगाची वाढ तोपर्यंत एक अंशाच्या वर होती. आपण कमी का तापलो? त्यामागची दोन कारणे माणसाचीच आहेत आणि दोन्ही अडचणीची आहेत. कोळसा, डिझेल, चुली, जाळलेले काड यांच्या धुरकट कणांनी आपल्या आभाळावर पडदा धरला आहे. तो ऊन अडवतो. दुसरे, देशभर पसरलेल्या ओलिताने जमिनीतून बाष्प उडते आणि ते दिवसाचे तापमान दाबते. म्हणजे एका मानवी करणीने दुसरी झाकली आहे. हे झाकण फुकटचे नाही: धूर फुप्फुसात जातो, आणि ओलिताचे पाणी संपते. त्याच अहवालात आहे की १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि त्यात या कणांचा हात असावा. तरीही तापमान थांबलेले नाही. हवामान खात्याच्या नोंदींत २०२४ हे १९०१ पासूनचे भारताचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि फेब्रुवारी २०२५ हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या दाण्यात भर पडण्याचा हा महिना आहे.

पावसाचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे, आणि इथे ‘तापमानवाढ म्हणजे दुष्काळ’ हे सोपे समीकरण मोडते. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. ही तापलेली हवा दोन उलट कामे करते. पाऊस नसतो तेव्हा ती जमिनीतली ओल आणि तळ्यातले पाणी अधिक हावरटपणे ओढते. पाऊस असतो तेव्हा अधिक पाणी एकदम ओतते. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या आहेत, आणि त्यांना लागणारे बाष्प तापलेल्या अरबी समुद्रातून येते. पुढच्या काळात मोसमी पाऊस एकूण वाढेल, पण जास्त बेभरवशाचा होईल, असे बहुतेक प्रारूपे सांगतात. म्हणजे वैरागला येणारा धोका ‘पाऊस जाईल’ हा नसून ‘पाऊस हिशेबात बसणार नाही’ हा आहे. ऑक्टोबर २०२० आणि ऑगस्ट २०२३ हे दोन्ही त्या चित्रात बसतात. ऑगस्ट २०२३ हा भारतातला शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पण ‘बसतात’ आणि ‘त्यानेच घडले’ यांत फरक ठेवायला हवा. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने सोलापूर-उस्मानाबादची द्राक्षे झोडपली, तेव्हापासून प्रत्येक गारेला तापमानवाढीचे लेबल लावायची प्रथा पडली आहे. गारांचे विज्ञान अजून तितके पक्के नाही. अतिवृष्टीबद्दल जेवढ्या ठामपणे बोलता येते तेवढे गारपिटीबद्दल बोलू नये.

माणूस एवढेसे ते आभाळ कसे बदलणार, असे विचारणारेच दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची मागणी करतात, ही विसंगती कुणाच्या लक्षात कशी येत नाही कोण जाणे. महाराष्ट्राने २००३ मध्ये, २०१५ मध्ये, २०१९ मध्ये विमाने उडवली. पुण्याच्या त्याच संस्थेने सोलापुरात रडार बसवून २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांवर शिस्तशीर प्रयोग केला. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणूनच सोलापूर निवडले गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: योग्य ढगांत क्षारकण फवारल्यावर सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. काही किलो क्षारांनी एका दुपारी एवढे होते असे मान्य असेल, तर दीडशे वर्षे ओतलेल्या लाखो कोटी टन वायूने काहीच होणार नाही हे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. आणि ढगच नसतील तर हा प्रयोग निरुपयोगी, ही त्यातली मेख निवडणुकीच्या सभेत कुणी सांगत नाही.

इथवर आलेला वाचक म्हणेल, म्हणजे दुसरे मत खरे: हवामानच बदलले, आता इलाज नाही. तिथेच खरी फसवणूक आहे. वैरागच्या टँकरला हवामानबदल किती जबाबदार आणि ऊस किती, हा प्रश्न विचारला की सभागृह शांत होते. कृषी मूल्य आयोगानेच दशकभरापूर्वी लिहून ठेवले की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी पेरक्षेत्रावरचा ऊस ओलिताचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात सर्वांत पुढे. उजनीत ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. ते भरले तरी जिल्ह्याच्या कोरड्या टोकांना टँकर लागतात. हे एल निनोने केलेले नाही, कार्बन डायऑक्साइडनेही नाही. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, विरळ पेरा, वेळेवर कुळवणी यांचे शास्त्र तिथे उभे राहिले. मोहोळच्या केंद्राने मालदांडी ज्वारीतून निवडलेले वाण आजही रब्बीत मानाने पेरले जाते. परतीच्या पावसाची ओल धरून, थंडीच्या दवावर येणारे ते पीक या हवामानाशी केलेला करारच होता. तो करार मोडला तो हवेने नव्हे. बाजारभावाने, वीजबिलाच्या सवलतीने आणि कारखान्याच्या राजकारणाने मोडला. पुढाऱ्याने ‘हवामानबदलामुळे’ म्हटले की या तिन्ही गोष्टी चर्चेतून गायब होतात. विज्ञान बरोबर असूनही ते ढाल म्हणून वापरता येते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो खरा आहे: तापवले त्यांनी, भोगायचे आम्ही? अमेरिकेचा माणूस वर्षाला सरासरी चौदाएक टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय सुमारे दोन टन. वैरागचा कोरडवाहू शेतकरी त्याहूनही कमी. १८५० पासून हवेत गेलेल्या इंधनाच्या धुराचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा तीन-चार टक्के. आणि ज्यांना हे आधी ठाऊक होते त्यांनीच शंका पेरल्या. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून केलेली भाकिते किती अचूक निघाली हे २०२३ मध्ये ‘सायन्स’ने छापले, कंपनी बाहेर मात्र अनिश्चिततेचे पाढे वाचत होती. तेव्हा ‘मानवाने’ पृथ्वी तापवली म्हणताना हा मानव कोण, हे विचारायलाच हवे. पण तो प्रश्न सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवता येत नाही. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र आहे. ते पाणी उजनीचेच पिते. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्याच जाळ्यातली वीज उसाला पाणी देणाऱ्या पंपांना मिळते. हवा तापवणारा धूर आणि विहीर आटवणारा उपसा एकाच तारेने जोडलेले आहेत. सौरपंप बसले तर धूर कमी होईल, पण फुकटच्या उन्हावर दिवसभर चालणारा पंप भूजल किती वेगाने संपवेल याचे उत्तर आधी ठरवावे लागेल. माणसाचा एक दोष दूर करताना दुसरा वाढवू नये, एवढे भान धोरणात हवे.

या सगळ्याचा हिशेब शेवटी तलाठ्याच्या कागदावर येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. दुष्काळासाठी केंद्राच्या २०१६ च्या संहितेनुसार पावसाची तूट, तीन-चार आठवड्यांचा खंड, पिकांची हिरवळ, जमिनीतली ओल अशा कसोट्या. राज्याने २०१७ मध्ये ही संहिता स्वीकारली आणि जुन्या पैसेवारीपेक्षा ती निश्चितच शास्त्रीय आहे. पण तिची पहिली पायरी पावसाच्या सरासरीशी तुलना हीच आहे, आणि तापलेल्या हवेत नेमकी तीच फसवी होते. वीस दिवस कोरडे आणि तीन दिवसांत महिन्याचा पाऊस, तर मंडळाची टक्केवारी शंभरावर आणि रानातले सोयाबीन गेलेले. मंडळ म्हणजे कित्येक गावे. एका गावातल्या मापकाने शेजारच्या गावचे आभाळ मोजले जाते. सरासरीला पायाभूत धरलेली वर्षे ज्या हवामानातली आहेत, ते हवामान आता राहिलेले नाही. वैरागला तापमानवाढीचा वाद जिंकायची गरज नाही. तिथल्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठे बसवला आहे, त्याच्या आकड्यावर विमा कंपनी कोणता कालखंड धरते आणि खंडाचे दिवस कोण मोजते, हे प्रश्न पुढच्या खरिपाच्या आधी तालुका कृषी कार्यालयात विचारता येतात.